ड्रायवॉलचे सांधे संध्याकाळीच का दिसतात : तळघराच्या भिंती स्वतः पूर्ण करणाऱ्या एका वाचकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील एका मराठी कुटुंबाने घराच्या तळघरात स्वतः ड्रायवॉल, म्हणजे कागदाने मढवलेल्या जिप्सम बोर्डांची भिंत, बसवली. अर्धा इंच जाडीचे, ४ बाय ८ फुटांचे बोर्ड आडवे लावले, सर्व सांध्यांवर चिकट पाठीची फायबरग्लासची जाळीदार टेप लावली, बादलीतील तयार जॉइंट कंपाउंडचे, म्हणजे सांधे भरायच्या लेपाचे, तीन हात दिले, दोन दिवस पॉलिशपेपर मारला आणि प्रायमर न लावता थेट हलक्या चमकेचा रंग लावला. दिवसा भिंत चांगली दिसते. संध्याकाळी भिंतीवरचे दिवे लागले की वरच्या आणि खालच्या रांगेत दर आठ फुटांवर एक उभा पट्टा फुगलेला दिसतो, आणि पहिला हिवाळा सरताच दोन सांध्यांवर केसासारख्या चिरा आल्या आहेत. आता सगळे खरवडावे लागेल का, आणि शेजारची खोली व तिचे छत करताना काय बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

खरवडावे लागणार नाही. तुमच्या भिंतीवर तीन निरनिराळे दोष आहेत आणि ते एकाच वेळी दिसत असल्यामुळे सगळेच काम बिघडले असे वाटते आहे. उभे पट्टे बोर्डांच्या आखूड कडा जिथे भिडतात त्या सांध्यांमुळे आले, चिरा टेप आणि कंपाउंड यांची जोडी चुकल्यामुळे आल्या, आणि पट्ट्यांवरची चमक उरलेल्या भिंतीपेक्षा वेगळी दिसत असेल, तर ती प्रायमर टाळल्यामुळे. तिन्ही दुरुस्त होतात. मात्र पहिला दोष का आला हे नीट समजले नाही, तर शेजारच्या खोलीतही तो हमखास येईल, म्हणून त्यावर मी जरा जास्त लिहितो.

मी एकोणीस वर्षे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात घरदुरुस्तीची कामे करतो आहे. माझे वडील सांगलीत गिलाव्याची कामे घेत, त्यामुळे थापी आणि गुरमाळा लहानपणापासून हाताखालचे. तरीही येथे मी स्वतःच्या घरी पहिली ड्रायवॉल केली, तेव्हा माझ्या हातून नेमके तुमच्यासारखेच पट्टे उठले. कारण शोधता शोधता लक्षात आले की आपण मनात 'लांबी (पुट्टी) भरणे' हा शब्द घेऊन कामाला लागतो. आपल्याकडे विटांच्या भिंतीवर गिलावा होतो, मग रंगारी सबंध भिंतीवर लांबी ओढतो, खड्डे भरतो, घासतो. तेथे सांधा नावाची वस्तूच नसते. ड्रायवॉलवर मात्र कंपाउंड फक्त सांधे, स्क्रू आणि कोपरे एवढ्यावरच लागते, आणि त्यांतल्या काही सांध्यांवर भरण्यासारखा खड्डाच नसतो.

बोर्डाची कड हातात धरून पाहा. लांब बाजूंच्या कडा शेवटच्या दोन-अडीच इंचांत मुद्दाम उतरत्या केलेल्या असतात. असे दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये पसरट, उथळ पन्हळ तयार होते, आणि टेप व कंपाउंड त्या पन्हळीत बसून बोर्डाच्या पातळीला येतात. येथे 'भरणे' हा शब्द बरोबर लागू पडतो. आखूड बाजूच्या कडा मात्र कापलेल्या, पूर्ण जाडीच्या असतात. अशा दोन कडा भिडल्या की खड्डा मिळत नाही, म्हणजे टेप आणि तिच्या वरखालचे कंपाउंड मिळून होणारा मिलिमीटरभर थर बोर्डाच्या पातळीच्या वरच राहणार. तो घासून काढायला गेलात तर टेप उघडी पडते. राहता राहिला उपाय एकच : दोन्ही बाजूंना इतका लांब आणि हलका उतार द्यायचा की डोळ्याला तो कळू नये. एक मिलिमीटरचा उंचवटा आठ इंचांत उतरवला तर तिरप्या प्रकाशात त्याची सावली पडते. तोच अडीच फुटांत उतरवला तर दिसत नाही. तुम्ही सर्व सांध्यांना सारख्याच रुंदीचे हात दिले, त्यामुळे आडवे सांधे लपले आणि उभे उठले.

हे स्वतः तपासून पाहा. चार फुटी लेव्हल किंवा कोणतीही सरळ धारेची पट्टी उभ्या सांध्यावर आडवी टेकवा, तिचा मध्य सांध्यावर येऊ द्या आणि एका टोकावर बोटाने दाबा. ती बसक्या पाटासारखी एका जागी न राहता झोके घेईल. दोन्ही टोकांपाशी भिंत आणि पट्टी यांत जी फट दिसते, तेवढ्या जाडीचे कंपाउंड सांध्याच्या दोन्ही अंगांना चढवायचे आहे. सांध्याच्या माथ्यावर काहीही लावायचे नाही. नवशिक्याचा हात नेमका माथ्यावरच जातो, कारण उंचवटा तिथे दिसतो आणि दिसेल तिथे लेप द्यावा असे वाटते. त्याने उंचवटा वाढत जातो.

तुमच्या रंगलेल्या भिंतीवर ही दुरुस्ती अशी करता येईल. प्रत्येक उभ्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून रंगाची चमक मोडा, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि वाळू द्या. मग बारा इंची नाइफने, म्हणजे रुंद पोलादी पात्याने, माथ्याच्या डाव्या अंगाला कंपाउंडचा एक पट्टा ओढा आणि उजव्या अंगाला दुसरा. ओढून झाल्यावर आधी पट्ट्याची बाहेरची धार विझवा : नाइफचा बाहेरचा कोपरा भिंतीवर दाबून आणि आतला कोपरा किंचित उचलून वरून खाली एकच सलग ओढ. मग माथ्याकडची धार त्याच रीतीने. शेवटी मधोमध हलक्या हाताने एक ओढ, आणि तिथेच थांबा. चौथी-पाचवी ओढ दिली की अर्धवट आवळलेले कंपाउंड फाटू लागते आणि रेघा पडतात. रंगावर कंपाउंड लावताना बारीक फुगे येतात, कारण खालचा थर पाणी शोषत नाही आणि हवेला निघायला वाट राहत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी नाइफ जरा जोर देऊन पुन्हा एकदा फिरवली की बरेचसे फुगे बसतात, उरलेले दुसऱ्या पातळ हातात जातात. दुसरा हात पहिल्यापेक्षा थोडा बाहेर न्यावा. एकूण रुंदी अडीच ते तीन फूट झाली तरी ती जास्त वाटून घेऊ नका.

आता चिरा. सुकणारे आणि रासायनिक क्रियेने घट्ट होणारे अशी दोन जातींची कंपाउंडे बाजारात मिळतात, आणि दोन्हींना 'मड' असेच म्हटले जात असल्यामुळे घोटाळा होतो. बादलीतील तयार कंपाउंड केवळ पाणी उडून सुकते. सुकताना ते आकसते, आणि त्याची मजबुती बेताची असते. पिशवीतली भुकटी म्हणजे आपल्या प्लास्टर ऑफ पॅरिसची सख्खी बहीण. जिप्सम भाजले की त्यात बांधलेल्या पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग निघून जातो. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती ते पाणी परत घेते, स्फटिक एकमेकांत गुंततात आणि पुन्हा दगड होतो. हा प्रकार कमी आकसतो आणि कडक होतो. पिशवीवर २०, ४५, ९० असे आकडे असतात, ती घट्ट होण्याची साधारण मिनिटे.

जाळीची टेप लवचिक असते, ताणली जाते. तिच्यावर पहिला हात या घट्ट होणाऱ्या कंपाउंडचाच हवा, म्हणजे जाळी आणि मसाला मिळून एक ताठ पट्टी बनते. तुम्ही तिच्यावर बादलीतले कंपाउंड लावले. येथील घरे लाकडी सांगाड्याची असतात. उन्हाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते, हिवाळ्यात फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राच्या, कोरड्या हवेने आकसते, आणि त्या हालचालीत कमकुवत सांधा चिरतो. कागदी टेप ताणली जात नाही, बादलीतल्या कंपाउंडला ती उत्तम धरते आणि तिच्या मधोमध घडीची रेघ असल्यामुळे आतल्या कोपऱ्यात ती सरळ बसते. माझे मत विचाराल तर जाळीची टेप भोक बुजवण्यासारख्या किरकोळ कामाला ठेवावी आणि सांध्यांना कागदी टेपच वापरावी. चिकट पाठीमुळे जाळी लावायला सोपी वाटते, एवढाच तिचा मोह.

चिरलेल्या दोन सांध्यांपाशी आधी बोर्डावर तळहाताने दाबून पाहा. बोर्ड हलत असेल तर सांध्याच्या दोन्ही अंगांना नव्याने स्क्रू मारा, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया. मग धारदार चाकूने सांध्यावरचे कंपाउंड खरवडून जाळी ओढून काढा, फटीत घट्ट होणारे कंपाउंड भरा, आणि ते कडक झाल्यावर कागदी टेप लावा.

कागदी टेप लावण्याची रीत लिहून देतो, कारण पुढच्या खोलीत तुम्हाला तेच काम सर्वांत जास्त करायचे आहे. बादली उघडल्यावर कंपाउंड चक्क्याइतके घट्ट असते. ते तसेच लावले तर टेपखाली नीट पसरत नाही. थोडे पाणी घालून, ड्रिलला घुसळणी लावून, कमी वेगाने ते नेहमीच्या श्रीखंडाइतके सैल करा. वेगाने घुसळले तर हवा मिसळते आणि तीच पुढे फुग्यांच्या रूपाने बाहेर येते. सहा इंची नाइफने सांध्यावर चार-पाच इंच रुंद, सलग थर द्या, कुठेही कोरडी जागा राहू देऊ नका. त्यावर टेप ठेवून बोटांनी मध्यावर दाबत न्या. मग नाइफ तिरपी धरून मध्यापासून एका टोकाकडे आणि पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे ओढा. टेपच्या दोन्ही कडांतून कंपाउंड सुरेख बाहेर आले पाहिजे आणि टेपखाली पातळ थर उरला पाहिजे. कंपाउंड कुठे बाहेर आलेच नाही, तर तेथे खाली कोरडे आहे. टेप तेवढीच उचला, पुन्हा मसाला भरा, पुन्हा दाबा. ओले असताना हे दहा सेकंदांचे काम आहे. वाळल्यावर तेथे फोड येतो, नखाने टिचकी मारली की पोकळ वाजतो, आणि मग ब्लेडने तो तुकडा कापून सगळे नव्याने करावे लागते.

टेप लावण्यापूर्वी दोन कामे उरकून घ्यावीत. एक, सर्व स्क्रूंच्या ओळींवरून कोरडी नाइफ फिरवावी. जिथे पाते धातूला लागून 'टक' वाजते, तो स्क्रू वर राहिला आहे. तो हाताने अर्धा फेरा आवळावा, पण बोर्डाचा कागद फाडू नये, कारण बोर्डाला स्क्रूवर पेलतो तो कागदच. दुसरे, पाव इंचाच्या आसपासच्या सर्व फटी आदल्या दिवशी भुकटीच्या कंपाउंडने भरून ठेवाव्यात.

भुकटी कालवताना पाणी आधी भांड्यात घ्या आणि भुकटी वरून टाका. गावाकडे पीओपीचे कारागीर घमेल्यात थोडा-थोडा माल कालवून लगेच लावतात, तोच शहाणपणा येथे हवा. शिवाय भांडे आणि नाइफ दर वेळी स्वच्छ धुवावी. आधीच्या घाण्यातले घट्ट झालेले कण नव्या घाण्यात मिसळले तर ते विरजणासारखे काम करतात : त्यांच्याभोवती स्फटिक झपाट्याने वाढतात आणि ४५ मिनिटांचा माल वीस मिनिटांत हातात दगड होतो. हे धुवण्याचे पाणी घरातल्या बेसिनमध्ये मात्र ओतू नका. हा मसाला पाण्याखालीही घट्ट होतो, आणि त्यानंतर प्लंबरला बोलवावे लागते.

टेप वाळल्यावर दुसरा हात दहा इंची नाइफने आणि तिसरा बारा इंचीने द्यावा, दर वेळी कंपाउंड थोडे अधिक सैल करून. शेवटच्या हाताला ते धिरड्याच्या पिठापेक्षा किंचित घट्ट असले तरी चालते. लांब कडांच्या सांध्यांची एकूण रुंदी बारा इंचांच्या आसपास पुरते. आतल्या कोपऱ्यांत एका दिवशी एकच बाजू करा. दोन्ही बाजू एकदम करायला गेलात तर दुसरी बाजू ओढताना नाइफचा कोपरा पहिलीत रुततो आणि मग त्या रेघेची डागडुजी करत रात्र होते. बाहेरच्या कोपऱ्यांचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण तेथे धातूची किंवा विनाइलची कोपरपट्टी नाइफला एका बाजूने आधार देते.

वाळण्याबाबत उतावीळपणा नको. तळघरात उन्हाळ्यात दमटपणा इतका असतो की २४ तासांतही हात वाळत नाही. डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारे यंत्र) चालू ठेवा आणि हिवाळ्यात तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका. ओले कंपाउंड करडे असते आणि वाळल्यावर सर्वत्र एकसारखे पांढरे होते. शंका असेल तर हाताची पाठ लावून पाहा. गार लागले तर आत अजून पाणी आहे. अशा थरावर पुढचा हात दिला तर खालचा थर उशिरा आकसतो आणि सांधा महिनाभराने खचलेला दिसतो.

दोन दिवस पॉलिशपेपर मारला हे तुम्ही कष्टाची खूण म्हणून लिहिले आहे, पण त्यावरूनच हात जाड गेले असावेत हे मला कळले. दोन हातांमध्ये पॉलिशपेपर लागतच नाही. वाळलेल्या रेघा आणि ढेकळे नाइफने खरडली की पुरे. शेवटच्या हातानंतर १५० नंबरचा पेपर, हलका दाब आणि भिंतीला समांतर धरलेला एक दिवा एवढ्यावर एका खोलीचे काम अर्ध्या दिवसात आटोपले पाहिजे. बोर्डाच्या उघड्या कागदावर पेपर घासू नका. त्याचे तंतू उभे राहतात आणि रंगाखालून दिसतात.

धुळीविषयी थोडे कडक लिहितो. या धुळीत जिप्समबरोबर चुनखडी, अभ्रक आणि थोडीफार सिलिकाही असू शकते. एन-९५ मास्क लावा, फर्नेसची हवा आत ओढणारी तोंडे प्लास्टिकने झाका आणि फर्नेस बंद ठेवा, नाहीतर तळघरातली धूळ वरच्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यापर्यंत जाते. साध्या व्हॅक्यूममध्ये बारीक धुळीची पिशवी नसेल तर धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीतच येते. आणि तुमचे घर १९८०च्या आधीचे असेल, तर जुन्या भिंतींचे कंपाउंड तपासून घेतल्याशिवाय घासू नका. त्या काळातल्या कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज) असे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा मालावर १९७७ मध्ये बंदी घातली. नव्या बोर्डांच्या कामाला ही भीती नाही.

चमकेच्या फरकाचे कारण सोपे आहे. कंपाउंड रंग अधिक शोषते, बोर्डाचा कागद कमी शोषतो, म्हणून थेट रंग लावला की सांध्यांवर तो मंद आणि इतरत्र चकचकीत दिसतो. पीव्हीए ड्रायवॉल प्रायमरचा एक हात दोन्हींना एका पातळीवर आणतो. दुरुस्ती झाल्यावर फक्त पट्ट्यांवर रंग लावू नका. दुरुस्त जागांना प्रायमर लावून मग सबंध भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवा.

येथील जिप्सम असोसिएशनने भिंतींच्या सफाईच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. घरात सर्वसाधारणपणे चौथी पायरी असते, म्हणजे टेप, त्यावर दोन हात आणि गुळगुळीत सांधे. ती बिनचमकेच्या रंगाला पुरते. पाचव्या पायरीत सबंध भिंतीवर पातळ लेप ओढतात, म्हणजे जवळजवळ आपली लांबीच. चमकदार रंग किंवा भिंतीला घासून जाणारा प्रकाश असेल तेथे ती लागते, आणि तुमच्या भिंतीवर हे दोन्ही आहेत. दिव्यांच्या त्या एका भिंतीवर पातळ कंपाउंड रोलरने लावून लगेच रुंद नाइफने ओढून काढा, नाहीतर चमकेचा हट्ट सोडा. मी घरच्या कामात दुसरे करतो.

शेजारच्या खोलीत आखूड कडांचे सांधे मुळातच कमी येतील असे पाहा. भिंत बारा फुटांपेक्षा आखूड असेल आणि जिन्यातून १२ फुटी बोर्ड खाली उतरवता येत असेल, तर एकही उभा सांधा येणार नाही. खरेदीपूर्वी जिन्याचे वळण मोजा. सांधा टळत नसेल तर तो दोन लाकडी खांबांच्या मध्ये घ्या, मागे रुंद फळी लावा आणि त्या फळीच्या दोन्ही लांब कडांना पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. स्क्रू मारल्यावर बोर्डांची टोके किंचित आत खेचली जातात आणि तुम्हाला हवा असलेला खड्डा मिळतो. खिडकीसमोरच्या छतावर तर ही युक्ती कराच. छत भिंतींच्या आधी उरकावे, बोर्ड छताशी उचलून धरणारी लिफ्ट भाड्याने आणावी, आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय वर हात घालू नये.

एकाच हातात काम संपवता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. नाही. पण टेप आणि दुसरा हात भुकटीच्या कंपाउंडने दिला तर दोन्ही एका दिवसात होतात आणि शेवटचा हात तेवढा बादलीतल्या कंपाउंडचा राहतो. आणि भिंतीवरचे दिवे या खेपेला रंगाच्या आधीच तात्पुरते जोडून, रात्री खोलीतले बाकीचे सगळे दिवे घालवून बघा. जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलने हलकी खूण करा. पेनाची शाई रंगातून वर येते.